अळणी पावाची देवळी

मित्रांनो, मी एक जुनी देवळी आहे. मोंतेफेरोला गावच्या बासिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, शिरलात की उजव्या हाताची तिसरी. तीन भिंती, एक कमान, दोन पायऱ्या आणि वर एक झरोका, एवढाच माझा संसार. जिच्या कुशीत मी आहे ती बासिलिका माझ्याहून चारशे वर्षांनी मोठी. आम्ही सगळ्या देवळ्या तिला थोरली म्हणतो. थोरली शांत, सरळ खांबांची, कमी बोलणारी. मी मात्र जरा नखरेल. आता वय झालं, साडेचारशे वर्षं उलटली, पण खोटं कशाला बोलू, नखरा काही गेला नाही.

नखरा जन्माचाच आहे. मला रंगवलं उस्ताद बाल्दास्सारेनं. त्या काळच्या चित्रकारांना सरळ उभ्या माणसाचा कंटाळा आला होता. आधीच्या थोरांनी सगळं इतकं नीटनेटकं काढून ठेवलं होतं, की या बिचाऱ्यांना करायला काही उरलंच नव्हतं. मग यांनी माना लांबवल्या, कमरा मुरडल्या, बोटं ओढून ताणून वीतभर केली. माझ्या समोरच्या भिंतीवर राणी एलिसाबेत्ता आहे. गरिबांना चोरून पाव वाटणारी संत राणी. नवऱ्यानं वाटेत अडवून "ओच्यात काय आहे?" असं विचारलं आणि तिनं ओचा उघडला, तर पावांच्या जागी गुलाब, तीच ही. तिची मान इतकी लांब आहे, की गावातल्या बायका पोरींना दटावतात, "खिडकीतून इतकी डोकावू नकोस, राणीसारखी मान होईल!" तिचा झगा उजेडात गुलाबी आहे आणि सावलीत चक्क हिरवा.

तिच्या शेजारी देवदूत आहे. पायाच्या एका अंगठ्यावर उभा. पाठ तुमच्याकडे, आणि तोंडही तुमच्याकडेच. हे त्याला कसं जमतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक. चार कोपऱ्यांत चुन्यात संगमरवराची पूड कालवून घडवलेल्या चार बायका आहेत, डोक्यावर गव्हाच्या पेंढ्या घेतलेल्या. त्या कमरेत अशा वळल्या आहेत, की बघणाऱ्याच्या पाठीत उसण भरावी. आणि छतभर बोटाएवढे चित्रविचित्र जीव: वर माणूस आणि खाली वेल, वर बाई आणि खाली मासा. लहान मुलं मान मोडेपर्यंत ते बघत बसतात. मोठी माणसं म्हणतात, "काय हे ध्यान!" आणि मग तीही बघत बसतात.

मला बांधलं गावातल्या पाववाल्यांनी. राणी एलिसाबेत्ता त्यांची पाठराखीण, म्हणून बासिलिकेत तिच्यासाठी एक देवळी हवी, असं त्यांच्या मंडळींनी ठरवलं. रोज सकाळी गवंडी भिंतीवर ओल्या चुन्याचा एकच तुकडा थापायचा, संध्याकाळपर्यंत रंगवून होईल एवढाच. चुना ओला असताना रंग लावला, की तो भिंतीत मुरतो आणि भिंतीबरोबरच दगड होतो. असे बत्तीस दिवसांचे बत्तीस तुकडे माझ्या अंगावर आहेत. झरोक्यातून तिरपा उजेड आला की त्यांच्या शिवणी दिसतात. राणीच्या मानेलाच एक आख्खा दिवस लागला होता.

काम संपलं, पडदा उघडला, आणि पाववाल्यांची तोंडं पडली.

"अहो उस्ताद, पाव कुठे आहेत?"

"चमत्कार होऊन गेलाय," बाल्दास्सारे म्हणाला. "आता गुलाब आहेत."

"महिनाभर तुम्हाला पाव आम्ही खायला घातला, आणि चित्र काढलंत माळ्यांचं?"

केवढं भांडण झालं म्हणून सांगू! उस्ताद हट्टी, पाववाले त्याहून हट्टी. शेवटी उस्ताद तणतणत शिडीवर चढला. देवदूताचा एक हात पुढे पसरलेला होता, तळवा वर, रिकामा. त्या तळव्यावर त्यानं अर्ध्या तासात एक गोल पाव काढून दिला. छान तपकिरी, वर चिरा पडलेला, भट्टीतून आत्ताच काढल्यासारखा. पाववाले खूश झाले. पण भिंत तोवर वाळली होती. उस्तादानं खाली उतरताना बजावलं, "बाकीचं चित्र भिंतीत आहे. हा पाव नुसता भिंतीवर बसलाय. त्याला हात लावाल तर गमवाल."

तेव्हापासून त्या पावाला कुणी हात लावला नाही. बाकी मला मात्र दर वर्षी हात लागायचे, आणि ते मला किती आवडायचे, काय सांगू!

मेणबत्त्यांची काजळी आणि धुपाचा धूर यांनी मी वर्षभरात काळवंडायची. मग नोव्हेंबरात राणीच्या सणाच्या आधीच्या मंगळवारी गावातले सगळे पाववाले सकाळची भट्टी उरकून माझ्याकडे यायचे. हातांना पिठाचा वास, पाठीवर शिड्या. प्रत्येकाच्या पिशवीत आदल्या दिवशीचा पाव, कड काढून टाकलेला, नुसता आतला मऊ गर. त्या गराचा गोळा मळायचा आणि भिंतीवर हलक्या हातानं दाबत, फिरवत न्यायचा. काजळी गोळ्याला चिकटते, भिंतीला ओरखडा उठत नाही. गोळा काळा झाला की टाकायचा, दुसरा घ्यायचा. शेवटी हंसाच्या पिसांनी कण झटकायचे. देवदूताच्या पावापाशी वीतभर अलीकडेच थांबायचं, त्याला नुसता पिसानं वारा घालायचा. दिवस मावळेपर्यंत मी लख्ख व्हायची. चारशे वर्षं माझं न्हाणं असं पावानं झालं. एवढे लाड कुणाचे झालेत का, तुम्हीच सांगा.

आता झेलिंदाचं सांगते. माझ्या सगळ्या माणसांत ती माझी लाडकी. पाववाल्यांच्या मंडळाची ती प्रमुख. नवरा गेल्यावर तिनं एकटीनं भट्टी चालवली. बुटकी, जाडजूड, जीभ तिखट आणि हात मात्र लोण्यासारखे. देवदूताची बाजू चाळीस वर्षं तिचीच होती. दुसऱ्या कुणाला ती तिथं शिडी टेकवू देत नसे. पुसता पुसता ती देवदूताशी भांडायची. "सरळ उभा राहा रे, मेल्या! चारशे वर्षं एका अंगठ्यावर! तुझे पाय दुखत नाहीत, पण बघून माझे दुखतात."

तिला एकच मुलगी, ओर्नेल्ला. या ओर्नेल्लानं लग्न केलं ते दोनातोशी. दोनातो दक्षिणेकडचा, पार पुल्या प्रांतातला. तोही पाववाल्याच्याच घरचा. माणूस सोन्यासारखा, पण झेलिंदाच्या डोळ्यांत सलायचा. कारण काय, तर त्याच्या पावात मीठ असायचं.

हसू नका, मित्रांनो. आमच्या गावात पाव अळणीच असतो. सोबत खारवलेलं मांस असतं, चीज असतं, मग पावात मीठ कशाला? का घालत नाहीत, हे कुणी विचारत नाही. त्याला 'अळणी' असंही कुणी म्हणत नाही. पाव म्हणजे पाव. दोनातोच्या गावचा पाव मात्र पिवळ्याधमक रव्याचा, जाड कडेचा, चांगला मिठाचा. आपल्या आईनं दिलेलं आंबवण तो बरणीत घालून इथवर घेऊन आला होता. दर रविवारी घरापुरता एक पाव करायचा. तो आणि ओर्नेल्ला खायचे. झेलिंदा नऊ वर्षांत त्याला एकदाही शिवली नव्हती.

"चाखून तर बघा, आई," तो म्हणायचा.

"मला तहान लागेल, जावईबापू," ती म्हणायची. गावानं मग त्याचं नावच 'मीठवाला' ठेवलं. तो हसून सोडून द्यायचा. पण मला कळायचं. माझ्या पायरीवर बसून तो कधी कधी त्याच्या बोलीत राणीशी बोलायचा, आणि ते बोलणं हसरं नसायचं.

मग ते वर्ष आलं. याला आता पन्नासवर वर्षं झाली. झेलिंदाचा गुडघा धरला. सुजून भोपळा झाला. शिडी चढणं सोडाच, बासिलिकेपर्यंत चालणंही जमेना. माझं न्हाणं दोन दिवसांवर आलेलं. तिनं नाइलाजानं देवदूताची बाजू दोनातोला दिली. गावभर चर्चा झाली. तिचा चुलतभाऊ ओत्ताव्हियो, चौकातल्या भट्टीचा मालक, तर सणकलाच. "आम्ही मेलो होतो का? देवदूत मीठवाल्याच्या हाती?"

मंगळवारी सकाळी दोनातो आला तो नवा सदरा घालून. केस पाणी लावून चापून बसवलेले. आजूबाजूचे कुजबुजत होते, पण त्याचं कुणाकडे लक्षच नव्हतं. शिडीवर चढला, क्रूसाची खूण केली, देवदूताला म्हणाला, "आज मी आहे हं. सांभाळून घे." आणि पिशवीतून गोळा काढला.

त्याचा पहिला स्पर्श झाला आणि मी चमकले. गर वेगळा होता. चिवट, पिवळा, आणि किंचित ओला. मळला जाईना म्हणून त्यानं पाण्याचा हात लावला होता. आणि त्या ओलीत मीठ होतं.

मित्रांनो, जखमेवर मीठ चोळणं तुम्ही ऐकलं असेल. माझ्या तर अंगावरच चोळलं जात होतं, आणि तेही किती मायेनं! असा हळुवार हात मी झेलिंदानंतर कुणाचा पाहिला नव्हता. देवदूताच्या पंखांचं एक एक पीस त्यानं पुसलं. पावापाशी वीतभर अलीकडे थांबला. पिसानं वारा घातला. नियमात कुठंही चुकला नाही. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, थांब रे बाळा! पण भिंतीला तोंड असून आवाज नसतो. छतावरचे माझे शंभर जीव तोंडं उघडी टाकून नुसते बघत राहिले.

सण झोकात झाला. सगळे म्हणाले, "देवदूत कधी नव्हे इतका उजळलाय." दोनातोची छाती फुगली.

हिवाळ्यात मी ओल धरते. फेब्रुवारीत देवदूताच्या मनगटापाशी पांढरी भुकटी उमलली. पाववाले आले, बघून हसले. "पाववाल्यांची देवळी, पीठ असायचंच!" कुणीतरी फुंकर मारली. आठ दिवसांनी भुकटी पुन्हा आली, या वेळी तळव्यापर्यंत. कुणी हात न लावता मीठ आपणहून चालत गेलं होतं. ओल्या भिंतीत ते विरघळायचं, कोरड्या दिवशी गोठायचं, आणि गोठताना आतून ढकलायचं. भिंतीत मुरलेला रंग टिकला. पण तो पाव? तो नुसता भिंतीवर बसलेला. त्याच्या चिरांतून खवले उठले.

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी झेलिंदा काठी टेकत आली, गुडघा धरल्यापासून पहिल्यांदाच. पायरी चढली, वर पाहिलं, आणि तिच्या देखत चारशे वर्षांचा पाव भिंतीवरून सुटला. आवाजसुद्धा झाला नाही. तपकिरी पापुद्रे गरगरत खाली आले. तिनं काठी टाकली आणि दोन्ही हातांनी एप्रन पसरला. जेवढे झेलता आले तेवढे झेलले. मग तिथंच पायरीवर बसून रडली. मी तिला लहानपणापासून पाहत आले होते. नवऱ्याच्या मातीलाही ती इतकी रडली नव्हती.

"सांगत होतो!" बातमी कळताच सगळ्यांबरोबर धावत आलेला ओत्ताव्हियो गरजला. "हात लावला त्यानं! शिडीवर चढून पावालाच हात लावला!"

"नाही हो," दोनातो म्हणाला. "राणीची शपथ, नाही लावला."

"मग काय पाव उडून गेला?"

दोनातोनं झेलिंदाकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही. तेवढ्यानंच तो संपला. गावानं काय म्हटलं असतं ते त्यानं पचवलं असतं, नऊ वर्षं पचवत होताच. पण तिचं ते गप्प बसणं त्याला सोसलं नाही.

फादर एत्तोरे हे आमचे त्या वेळचे पाद्री, भिऊन वागणारे गृहस्थ. त्यांनी जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या सरकारी खात्याला पत्र धाडलं. उत्तर आलं, की भिंतींची तज्ज्ञ बाई मे महिन्यात पाहायला येईल. तोवर देवळी बंद. आणि नुकसान पावानं झालेलं ठरलं, तर पावानं पुसण्याची रीत कायमची बंद होईल, कमानीला लोखंडी जाळी लागेल. फादरांनी पत्र वाचून दाखवलं तेव्हा पाववाले पांढरे पडले.

जाळी! म्हणजे मला लोकांनी लांबून बघायचं, आणि मला कुणी पुसायचं नाही. मित्रांनो, मी घाबरले. पण त्याहून मला दोनातोची काळजी लागली. एका दुपारी तो कमानीला बांधलेली दोरी ओलांडून आत आला. पायरीवर बसला. राणीला म्हणाला, "त्या बाई येऊन गेल्या की आम्ही निघतो. ओर्नेल्लानं सामान बांधलंय. आई रडेल, पण मी इथं राहिलो तर रोज तिला माझं तोंड बघावं लागेल." मग म्हणाला, "मी खरंच हात लावला असेन का गं? आता माझा माझ्यावरच विश्वास उरला नाही." मला सगळं ठाऊक होतं आणि मी काही करू शकत नव्हते. इतकी वर्षं मी नखरे केले, पण त्या दुपारी मला वाटलं, या लांब माना आणि वळलेल्या कमरा घ्या, आणि त्याबदली मला एक वाक्य बोलू द्या.

मे महिन्यात ती बाई आली. ज्यूदित्ता तिचं नाव. पायांत पुरुषी बूट, कमरेला पिशव्या, डोळ्याला भिंग. तिनं कुणाशी ओळखदेख केली नाही. सरळ शिडी चढली आणि देवदूताच्या मनगटाला डोळा लावला. खाली सगळे पाववाले टोप्या हातात घेऊन उभे. झेलिंदा खुर्चीवर. दोनातो सगळ्यांच्या मागे, खांबाला टेकून.

ज्यूदित्तानं बोट ओलं केलं, भुकटीला लावलं, आणि जिभेवर ठेवलं.

"मीठ," ती म्हणाली.

"मीठ?" ओत्ताव्हियो हसला. "बाई, आमच्या पावात मीठ कुठलं? सात गावं फिरा, सापडणार नाही."

आणि बोलता बोलता त्याचं तोंड उघडंच राहिलं. एकेक करून सगळ्यांच्या माना मागे वळल्या.

दोनातो पुढे आला. "माझ्या पावात आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी मी माझ्याकडचा पाव आणला होता. माझ्या आईनं दिलेल्या आंबवणाचा. मला वाटलं, पहिल्यांदाच देवदूत पुसायला मिळतोय, तर आपल्याला येतो तो सगळ्यात चांगला पाव करून न्यावा. अळणी पावानं राणीचं घर पुसायचं, मला कसंतरीच वाटलं. इथं कुणी तो पाव खात नाही. म्हटलं, राणी तरी..."

"झालं तर!" ओत्ताव्हियो म्हणाला. "कबूल केलं!"

ज्यूदित्ता शिडीवरूनच म्हणाली, "थांबा. अळणी पावच आणायचा असतो, हे यांना कुणी सांगितलं होतं?"

तिनं डोळ्यावरचं भिंग काढलं.

"तुम्हाला कुणाला ठाऊक होतं का, की अळणी पावामुळंच ही भिंत चारशे वर्षं टिकली?"

पाववाल्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं! त्यांच्या बापजाद्यांनाही नव्हतं. गावात दुसरा पावच नव्हता, म्हणून मी वाचले होते. मला पुसणाऱ्यांपैकी एकालाही कधी प्रश्न पडला नव्हता.

तेव्हा झेलिंदा उठली. काठी न घेता. गुडघा धरून तशीच दोनातोपर्यंत चालत गेली.

"ओत्ताव्हियो, तू गप्प बस," ती म्हणाली. "चूक कुणाची ती मी सांगते. त्या मंगळवारी सकाळी हा माझ्या खाटेपाशी आला होता. पिशवी घेऊन. नवा सदरा घालून. मला म्हणाला, 'आई, राणीसाठी केलाय, आधी तुम्ही चाखून बघा.' आणि मी काय केलं? भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हटलं, 'जा, उशीर होतोय.'" तिनं दोनातोचं मनगट धरलं. "एक घास. एक घास तोंडात घातला असता तर मी म्हटलं असतं, हा नको रे, आपला घेऊन जा. कारण नसतं ठाऊक मला, पण चव वेगळी आहे एवढं तरी कळलं असतं. नऊ वर्षांत एक घास खाल्ला नाही मी याच्या हातचा. तो पाव यानं नाही घालवला. मी घालवला."

थोरलीनंसुद्धा श्वास धरला असावा.

"आणि ईस्टरला तुझ्याकडे बघितलं नाही मी," ती दोनातोला म्हणाली, "ते तुझ्यावर रागावून नाही रे. त्या सकाळी तुला तसं धाडलं ते सलत होतं, मला तोंडच नव्हतं. तुम्ही कुठं जायचं नाही. सामान सोडा."

दोनातो तिच्याहून दोन वीत उंच. वाकला आणि तिच्या खांद्यावर डोकं ठेवून मुलासारखा रडला. तिनं त्याच्या पाठीवर थापटलं, पीठ झटकतात तसं. ओत्ताव्हियोनं नाक शिंकरलं आणि "धूळ फार आहे इथं" असं पुटपुटला.

ज्यूदित्ता खाली उतरली. तिनं फादरांना सांगितलं, "जाळी नको. अशी भिंत पुसणारी माणसं असतील तर जाळीचं काय काम? रीत चालू ठेवा, पण पाव अळणी हवा, कोरडा हवा, आणि दर वर्षी मला बोलवा." सबंध उन्हाळा ती माझ्याकडे राहिली. शुद्ध पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या लगद्याचे लेप माझ्या अंगावर थापायची, ते वाळताना मीठ शोषून घ्यायचे. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात तसं. दोनातो रोज दुपारी भट्टी झाकून तिला लगदा भिजवून द्यायला यायचा.

मीठ निघालं. पावाच्या मागं काय होतं ते दिसलं. देवदूताचा रिकामा तळवा! उस्तादानं पहिल्यांदा काढला होता तसाच, ओल्या चुन्यात मुरलेला, ताजा. लांबच लांब बोटं, तळव्याच्या मध्यावर गुलाबी छटा. चारशे वर्षं पावाखाली झाकलेला होता. मीच विसरले होते, मित्रांनो, की माझ्याकडे इतकं सुंदर काही आहे.

"पाव परत काढून देऊ का?" ज्यूदित्तानं विचारलं. "झेलिंदाबाईंनी पापुद्रे जपलेत, रंग जुळवता येईल."

ओत्ताव्हियो म्हणाला, "काढा तर! पाववाल्यांची देवळी आणि पाव नाही?" सगळे झेलिंदाकडे बघू लागले. तिनं वर त्या हाताकडे पाहिलं.

"राहू दे रिकामा," ती म्हणाली. "कुणाचा तरी पाव घेईल तो."

पुढच्या नोव्हेंबरात माझं न्हाणं झालं, पण त्या आधी एक नवीन गोष्ट झाली. पाववाले माझ्या पायऱ्यांवर गोल बसले. प्रत्येकानं आपल्या पिशवीतला गर दुसऱ्याला दिला. प्रत्येकानं प्रत्येकाचा चाखला. दोनातोनं झेलिंदाच्या भट्टीत केलेला पाव आणला होता. ओत्ताव्हियोनं तो चघळला, डोळे मिटले, पुन्हा चघळला. "अळणी," त्यानं जाहीर केलं. "शपथेवर अळणी. मीठवाल्या, जमलं की तुला!" सगळे खो खो हसले. तेव्हापासून ती रीतच पडली. आधी एकमेकांचं चाखायचं, मग भिंत पुसायची.

आणि सणाच्या दिवशी, प्रार्थना झाल्यावर, दोनातोनं देवदूताच्या रिकाम्या हाताच्या बरोबर खाली, पायरीवर, फडक्यात गुंडाळलेला एक पाव ठेवला. पिवळा. जाड कडेचा. झेलिंदा खाली बसली, गुडघा सांभाळत. फडकं सोडलं. दोन्ही हातांनी पाव मोडला, मोठा तुकडा घेतला आणि खाल्ला. सगळं गाव बघत होतं. तिनं घाई केली नाही. शेवटचा कण गिळला.

"मीठ जरा जास्त झालंय, जावईबापू," ती म्हणाली.

आणि दुसरा तुकडा घेतला.

झेलिंदाला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. दोनातोच आता खुर्चीवर बसतो, आणि त्याची नात शिडीवर चढते. ज्यूदित्ताची शिष्या दर वर्षी येते, भिंग लावून माझं अंग तपासते, आणि पाववाल्यांबरोबर गोल बसून प्रत्येकाचा घास चाखते. अलीकडे फोन घेऊन माणसं येतात. राणीची मान बघून हसतात, देवदूतासारखं एका अंगठ्यावर उभं राहायला बघतात आणि धडपडतात. मला ते आवडतं. पण काहीजण माझ्या गव्हाच्या पेंढीवर हात टेकून फोटो काढतात, कुणी शिवणीवर नख ओढतं, "खरी आहे का?" बघायला. खरी आहे, बाळांनो. बत्तीस दिवस लागले होते.

माझं एवढंच मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्या भिंती जपायच्या असतील तर जपण्याची रीत तर पाळाच, पण ती रीत का पडली तेही एकमेकांना विचारा. आणि लांबून कुणी आला, त्यानं आपल्या हातचं काही पुढं केलं, तर तोंड फिरवू नका. आधी चाखून बघा.

कधी मोंतेफेरोलाला आलात तर उजव्या हाताची तिसरी. देवदूताचा हात अजून रिकामाच आहे. त्याच्याखाली तुमच्या घरची भाकरी ठेवलीत तरी चालेल. मीठ असलं तरी चालेल. फक्त पायरीवर ठेवा हं, भिंतीला लावू नका.